बँकेचा तिसरा खांब

हॉर्न क्रीकच्या चौकातली जुनी बँक रविवारी चर्चला निघालेल्या जाड्या काकांसारखी दिसे. अंगात लाल दगडाचा कोट, डोक्यावर घड्याळ, आणि पुढं चार पांढरे खांब. बँक कधीच उठून गेली होती. आता वर्ना तिथं बेकरी उघडणार होती. भट्टी सुटी करून आत आली, टेबलं आडवी करून आली. अडला होता फक्त तिचा नवरा. पक्षाघातानंतर ओडेल चाकाच्या खुर्चीत होता आणि खुर्ची नेमकी खांबांमध्ये अडकत होती. दुसरं दार नव्हतं. मागं तिजोरीची हातभर जाड भिंत.

"चाळीस वर्षं तुझ्या हातचं पहिलं मीच चाखलंय," ओडेल म्हणाला. "आता काय फुटपाथवर बसून खाऊ?"

तिसरा खांब काढायची परवानगी मागायला वर्ना वारसा समितीपुढं गेली. अध्यक्ष क्लेटन तिचा शाळासोबती.

"वेडी झालीस का गं? अठराशे ब्याण्णवचा खांब तो! काय त्याचा डौल, काय तो बांधा! माझ्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तोच आहे."

"अरे क्लेटन, तो पत्र्याचा आहे. सत्तावन्न साली दुधाच्या गाडीनं खरा खांब पाडला, तेव्हा माझ्या बाबांनी हा ठोकून दिला. भार बिचारा कसलाच उचलत नाही."

सगळे चौकात गेले. क्लेटननं टकटक केलं. खांब रिकाम्या पिंपासारखा वाजला. पुस्तिकेच्या लेखकाचा चेहरा त्याहून रिकामा झाला.

"म्हणजे काढू?" वर्नानं विचारलं.

क्लेटननं नियमांची वही उघडली आणि हळूहळू त्याच्या गालांवर रंग परत आला. "पन्नास वर्षं उलटली की वस्तू वारसा ठरते. तुझ्या बाबांचा खांबही आता वारसाच. हात लावायचा नाही!"

वर्नाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिनं घरून एक फोटो आणला. नाताळ, बासष्ट साल. बँकेच्या दारातून भलंमोठं झाड आत चाललंय आणि बाजूला बाबा, खांद्यावर खांब घेऊन, मासा पकडल्यासारखे हसतायत.

"झाड आत न्यायला बाबा दर वर्षी खांब उतरवायचे. वर आकडा, खाली दोन खिळ्या. आता सांग, खांब वारसा, तर उतरवणं काय?"

क्लेटननं वही मिटली. डोकं खाजवलं. "तेही पन्नास वर्षांपूर्वीचंच की... पण संध्याकाळी परत लावायचा हं!"

शुक्रवारी, बेकरी उघडायच्या सकाळी, वर्नानं खांब उतरवला आणि ओडेलची खुर्ची आत गेली. आतल्या बाजूला बाबांनी खिळ्यानं तिचं नाव कोरलं होतं, वाकडंतिकडं, तिच्या दोन वेण्यांच्या चित्रासकट. ती बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली.

"अगं, तो खांब नंतर कुरवाळ," आतून ओडेल ओरडला. "ॲपल पाय थंड होतोय!"