दोऱ्यांखालचं तळं

दहाव्याला राम घाटावर पिंड ठेवून आम्ही बसलो होतो. कावळे समोरच होते, पण पिंडाला शिवत नव्हते.

"माणिकची काहीतरी इच्छा राहिली असणार," जयूताई, माझी मोठी बहीण, म्हणाली. "बोल काहीतरी, दत्तू."

मी बायकोच्या पिंडाला हात जोडले. म्हणालो, झिंग्यांकडे बघेन. कावळा हलला नाही.

भैरवगढच्या पुढे आमचं झिंग्यांचं तळं आहे. घरात कुणी झिंगा खात नाही, तरी माणिकनं ते उभं केलं. औषधं ओतायची नाहीत, हा तिचा हट्ट. गूळ आणि भाताचा कोंडा आंबवून ती पाण्यात सोडायची. त्यानं चांगले जंतू वाढतात, रोगाचे मागे पडतात, असं म्हणायची. येणाऱ्याला आधी चुन्याच्या पाण्यात पाय बुडवायला लावायची. आणि तळ्यावर सगळीकडे दोरे ताणले होते, कावळे उतरू नयेत म्हणून. कावळा एका तळ्यातला मेलेला झिंगा उचलतो, दुसऱ्यात टाकतो. रोग असाही येतो. आता शेजारच्या तळ्यात झिंगे मरत होते.

"तुझ्या तळ्यावर तर कावळेच कावळे," ताई म्हणाली. "पिंड तिथे नेऊ. दोन-चार दोरे सोड फक्त."

"नाही ताई."

"आजच्यापुरतं रे. झिंगे मोठे की तिची गती?"

"एवढी वर्षं तिनं कावळे हाकलले. आता तिच्याच नावानं बोलावू?"

"म्हणूनच शिवत नाहीत. दुश्मनी घेऊन ठेवली ना तिनं."

गुरुजी हसू दाबून नदीकडे बघू लागले. मग त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. ताई माझी वाट न बघता घरी निघाली.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. चुन्यात पाय बुडवले. काठाच्या खांबावर एक कावळा बसला होता, माझ्याकडे बघत. ताई असती तर म्हणाली असती, तीच आली. मी फार थकलो होतो. बसू द्यावं, असं वाटलं.

मग तो पाण्याकडे वाकला.

कावळे हाकलायची माणिकची ताटली-पळी खिळ्याला टांगलेली होती. मी ती पळीनं वाजवली. तो उडाला. एक दोरा सैल झाला होता, तो ताणून बांधला आणि गूळ भिजत घातला.