मिठाच्या पाण्यातून निवडलेली काठी

मी एक जुनी गरवायची काठी आहे, मित्रांनो. जुनी म्हणते खरी, पण अंगावर एक ओरखडा दाखवा! दोरीला गळ बांधून, खाडीच्या तोंडाशी खडकावर उभं राहून मासा धरायचा, त्याला कोकणात गरवणं म्हणतात. हे मला माझ्या मालकीणबाईंनी सांगितलं. मी स्वतः खाडी पाहिलेली नाही. मी लखनौला असते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेचे बारीक धागे, उग्र वासाचा चिकट रस आणि गरम भट्टी, एवढंच आठवतं. बाहेर आले ती सात फुटांची, दोन तुकड्यांची, मातकट हिरवी. रूप म्हणाल तर बेताचंच. अमीनाबादच्या एका दुकानात मला कोपऱ्यात उभी केली. गोमतीत रोहू धरणारे शौकीन यायचे, मला उचलायचे आणि 'भारी है' म्हणून परत ठेवायचे. मेल्यांच्या मनगटात जोर नाही, त्याला मी काय करू?

त्र्याण्णव सालच्या थंडीत लीलावतीबाई दुकानात आल्या. बरोबर दहा वर्षांची नात, अंतरा. मुलगा जगदीश बँकेत, त्याच्या बदलीमागून बाई कोकणातून लखनौच्या अलीगंजला येऊन पडलेल्या. शाळा दुसरीपर्यंत, पण गरवणं बापाकडून शिकलेल्या. गावी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद रोज खाडीवर जायचा आणि त्याची बांबूची काठी वर्षाआड मोडायची. त्याला जन्मभर पुरेल अशी काठी मे महिन्यात नेऊन द्यायची, असं बाईंनी ठरवलं होतं.

दुकानदार हरिहरजींनी आधी एक काळी, सडपातळ काठी काढली. "अम्मा, ग्रेफाइट है. फूल जैसी हल्की."

"फूल देवाला वाहतात, भैया. पत्थर पे गिरी तो?"

हरिहरजी माणूस खरा. "तो चटक सकती है," म्हणाले. मग किंमत सांगितली.

"इतने में तो मैं नाव लूँगी!"

दुसरी काठी एकात एक सरकणारी, दोरी ओवायच्या चकचकीत कड्यांची. बाईंनी ती उघडली, मिटली आणि म्हणाल्या, "जितके जोड तितक्या मोडायच्या जागा. वाळू शिरली की बसा ओढत."

मग माझ्याकडे नजर गेली. अंतराला मूठ धरायला सांगून बाईंनी माझं टोक खाली ओढलं. मी धनुष्यासारखी वाकले. सोडल्यावर जागच्या जागी सरळ. सुईत दोरा ओवताना बघतात तसा एक डोळा मिटून त्यांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग पिशवीतून देवाच्या दिव्याची कापसाची वात काढली आणि माझ्या प्रत्येक कडीतून ओढली. कडीला कुठे खरखर असेल तर कापूस अडकतो, आणि जिथे कापूस अडकतो तिथे एक दिवस दोरी तुटते. माझ्या एकाही कडीत कापूस अडकला नाही.

"कड्या गंजतील का?"

हरिहरजी हसले. "अम्मा, यहाँ समंदर किसने देखा है?"

"मैंने," बाई म्हणाल्या.

त्यांनी दुरुस्तीच्या खणातून तिन्ही काठ्यांच्या सुट्या कड्या मागून घेतल्या. मिठाच्या पाण्यात आठ दिवस ठेवणार म्हणाल्या.

"अचार डालेंगी क्या?"

"हाँ. जो नहीं सडेगा, वो ले जाऊँगी."

घरी गॅलरीत काचेच्या बरणीत तीन कड्या दोऱ्याला लोंबकळू लागल्या. तिसऱ्या दिवशी अंतरा ओरडली, "आजी, इसका तो खून निकल रहा है!" चकचकीत कडीतून तांबडं पाणी सुटलं होतं. माझी कडी आठव्या दिवशीही जशीच्या तशी. खरं सांगायचं तर काळीचीही टिकली, पण ती नाजूक आणि वर महाग. बाई मला घरी घेऊन आल्या. जुन्या लुगड्याची खोळ शिवली. दर महिन्याला पुसायचं, कपाटामागे उभं करायचं आणि कोणी हात लावला तर त्याचा उद्धार करायचा. अंतराकडून श्रीपादला पत्र लिहवलं: कापसाने तपासून, कड्या मिठाच्या पाण्यात घालून काठी घेतली, मे महिन्यात मी स्वतः घेऊन येते.

चौऱ्याण्णवच्या मेमध्ये जगदीशला रजा मिळाली नाही. पंचाण्णवला पुष्पक एक्सप्रेसची तिकिटं आली आणि आठ दिवस आधी बाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या खाटेवर असताना जगदीशच्या बँकेतला हृषीकेश भेटायला आला. बहिणीच्या लग्नाला तो कोकणातच चालला होता.

"काकू, द्या ती काठी. श्रीपादमामांच्या हातात नेऊन देतो."

"मागच्या साली बायकोची पेटी गाडीत विसरलात तुम्ही. माझी काठी कशी आठवेल?"

तो बिचारा हसला. सून चित्रा मात्र हटेना. "आई, मामांना मिळाल्याशी मतलब ना? तिकडे ते बांबूवर दिवस काढताहेत."

"तुझ्या माहेरी नळाला पाणी नाही, तुला खाडीचं काय कळणार? भावाची वस्तू आहे, मी माझ्या हाताने देईन. मी काय मेले आहे?"

मित्रांनो, तेव्हा मीही फुशारले होते. माझी मालकीण मला कुणा ऐऱ्यागैऱ्याबरोबर धाडत नाही, म्हणून. अक्कल माझीही तेवढीच.

हाड जुळलं, पण बाईंना दाराच्या पुढे जाता येईना. पुढचा मे तसाच गेला. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत पत्र आलं. अक्षर श्रीपादचं नव्हतं, त्याच्या मुलीचं, विजयाचं होतं. अंतरा अडखळत वाचू लागली.

"तीर्थस्वरूप आत्यास सा. न. … आजी, 'सा. न.' मतलब?"

"नमस्कार. पुढे वाच."

"बाबांना काचबिंदू झाला. एक डोळा आधीच गेला होता, बोलले नाहीत. दुसरा दिवाळीनंतर गेला. दोरीला गळ बांधता येईना तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही. तुम्ही कापसाने कड्या तपासल्यात, मिठात घातल्यात, हे बाबा येईल त्याला सांगत असतात. काठी आता आणू नका म्हणाले. अंतराला द्या."

बाईंनी पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "पत्रांच्या डब्यात ठेव." त्या दिवशी त्यांनी चित्राला एकही टोमणा मारला नाही. चित्रा घाबरली आणि दोनदा कपाळाला हात लावून ताप बघून गेली.

अंतराने मला घेऊन काय करायचं होतं? तिची शाळा, तिची सायकल. त्या दिवाळीत चित्रा जळमटं काढायला लांब काठी शोधत होती.

"ती घे," बाई म्हणाल्या.

"कुठली, आई?"

"दुसरी आहे का या घरात?" आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

चित्रा उभी राहिली. मग तिने हळूच खोळ काढली आणि माझ्या टोकाला कुंचा बांधला.

तेव्हापासून मी अलीगंजच्या छताची जळमटं काढते. माझी एकही कडी गंजलेली नाही, आता गंजणारही नाही. लोक तुम्हाला सांगतील, वस्तू जपा. माझं ऐकाल तर ज्याची वस्तू आहे त्याच्या हातात ती लवकर द्या. कोणाच्याही हाती धाडा, पार्सलाने धाडा, ओरखडे पडले तर पडू द्या. मला फार जपलं गेलं, मित्रांनो. तिकडे एक माणूस नजर जाईपर्यंत बांबूवर गरवत राहिला.

परवा कुंचा पंख्याच्या पात्यात अडकला. चित्राने ओढलं तशी मी वाकले, दुकानात वाकले होते तशी, टोकापासून मुठीपर्यंत. खाटेवरून बाई बघत होत्या. त्यांचं मनगट एकदम वर उडालं, मासा लागल्यावर झटका देतात तसं. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि पदराखाली घेतला.