खांद्यावरचा डेप्युटी

"आज कुणाचा खांदा?" अय्युबनं विचारलं.

साबिरानं चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि आधी माठातलं पाणी प्यायली. त्याला उत्तराची घाई असायची, म्हणूनच ती जरा ताणायची.

"हॅलो सरचा," ती म्हणाली. "कामथडीला मान पडली ती भोर येईपर्यंत तितंच. त्यो बिचारा फोनवर ‘व्हय सर, करतो सर’ करतोय आन् डेप्युटी त्याच्या कानाशी घोरत्यात. तिकडनं साहेबानं इचारलं असंल, आवाज कसला येतोय? तर म्हनतो, सर, नेटवर्कचा प्रॉब्लेम हाय."

तिनं मान एका बाजूला टाकून, तोंड अर्धवट उघडून घोरून दाखवलं. अय्युब हसला. हसताना त्याच्या तोंडाची उजवी बाजू जागची हलायची नाही, डावी मात्र पार डोळ्यापर्यंत जायची.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्याआधी तो दुधाचा टेम्पो चालवायचा आणि गावोगावच्या डेअऱ्यांवर दुधापेक्षा गप्पाच जास्त गोळा करायचा. आता तो काठीच्या आधारानं मोरीपर्यंत जायचा, एवढंच. बोलताना शब्द घरंगळायचे, लाळ गळायची. आवाजावर ताबा राहिला नव्हता. हळू बोलायला गेला तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. कुणी भेटायला आलं की तो चादर ओढून झोपल्याचं सोंग घ्यायचा. पुढंपुढं लोक यायचे थांबले. मुलगी समीना लग्न होऊन वाईला गेली होती. दिवसभर घरात तो, टीव्ही आणि खिडकी.

साबिरा वरव्याजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची. सकाळी सातची भोर–स्वारगेट एसटी, संध्याकाळी तीच परतीला. रोजचे प्रवासी ठरलेले. सांगवीला चढणाऱ्या ठकुबाईंचं वय तिकीट काढताना पंच्याहत्तरच्या पुढं असायचं आणि एरवी कुणी आजी म्हटलं की त्या रागावायच्या. इंद्रजित नावाचा तरणा मुलगा कानात यंत्र घालून साहेबाशी बोलायचा आणि साहेब समोर असल्यासारखा मधूनच उठून उभा राहायचा. तो हॅलो सर. आणि सावळाराम. पुण्यातल्या एका पतसंस्थेत लिपिक. केसांना कलप, खिशात इस्त्रीचा रुमाल. गाडीत चढले की शाळा तपासायला आलेल्या जुन्या डेप्युटीसारखे सगळ्यांवर नजर टाकायचे. पिशवी वाटेत का ठेवली, काच का उघडी टाकली, कंडक्टर नूतनच्या गणवेशाचं बटण का तुटलं. आणि सकाळी जाताना सांगवी मागं पडली की शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपायचे. त्यांना साबिरानं डेप्युटी नाव ठेवलं होतं. गाडीत ते कुणालाच माहीत नव्हतं.

वरव्याहून परत येताना ती खिडकीशी बसून दिवसभराचं मनात लावून घ्यायची. आधी काय सांगायचं, कुठं थांबायचं, ठकुबाईंचा आवाज कसा काढायचा. घरी पोचेपर्यंत सगळं तयार असायचं.

पुण्याच्या दवाखान्यात दाखवायची तारीख आली तेव्हा समीनाच्या नवऱ्यानं गाडी पाठवतो म्हणून फोन केला. अय्युबनं डावा हात हलवला.

"नको. तुज्या यष्टीनं जाऊ."

"चढायला जमंल का?"

"बघायचं हाय मला," तो म्हणाला. "समदी."

तारखेच्या दिवशी सकाळी इंद्रजितनं आणि ड्रायव्हरनं मिळून त्याला चढवलं. सावळारामांनी रुमाल टाकून धरलेली खिडकीची जागा आपणहून त्याला दिली आणि स्वतः शेजारी बसले. साबिराला पलीकडच्या बाकावर जागा मिळाली. अय्युबनं नवा शर्ट घातला होता. तो एकेकाकडं बघत होता, आणि ओळख पटली की साबिराकडं बघून डावी भुवई उडवत होता. नूतनचं बटण अजून तुटलेलंच होतं. सांगवीला ठकुबाई भाजीची पाटी घेऊन चढल्या तेव्हा त्याला हसू आवरेना. साबिरानं डोळ्यांनीच दटावलं.

सांगवी गेली आणि सावळारामांची मान कलायला लागली. एकदा सावरली, दोनदा सावरली, मग अलगद अय्युबच्या खांद्यावर टेकली. खांदा उजवा होता. अय्युबला आधी कळलंच नसावं. घोरण्याचा आवाज आला तेव्हा त्यानं मान वळवून बघितलं. त्याचा चेहरा असा उजळला की साबिरा जागेवरून उठली. पुढं काय होणार ते तिला दिसलं, पण मध्ये दोन माणसं उभी होती.

"साबिरा," अय्युब म्हणाला. त्याच्या मते ते हळूच होतं. "डेप्युटी माज्या खांद्यावर."

गाडी कापूरव्होळच्या फाट्यावर थांबत होती. इंजिनाचा आवाजही नेमका तेव्हाच उतरला होता.

"कोन डेप्युटी?" ठकुबाईंनी विचारलं.

दोन वर्षांत अय्युबला असं कुणी तोंडावर काही विचारलं नव्हतं. त्यानं आनंदानं डाव्या हाताचं बोट सावळारामांकडं केलं. मग इंद्रजितकडं. "ह्यो हॅलो सर. नेटवर्क." मग ठकुबाईंकडं. "आन् तुमी... तिकिटापुरत्या म्हाताऱ्या."

सगळी गाडी हसली. इंद्रजित स्वतःच सगळ्यात जास्त हसला. नूतन तिकिटाचं यंत्र पोटाशी धरून वाकली. "मेल्या, खरंय की रं," म्हणून ठकुबाईंनी पदर तोंडाला लावला. या गलक्यानं सावळाराम जागे झाले. काय झालं ते त्यांना कुणीतरी मागून सांगितलं, नको इतकं नीट सांगितलं. त्यांनी रुमालानं ओठ पुसले. अय्युबच्या शर्टावर ओला डाग पडला होता, तोही पुसला. मग उठून साबिराच्या बाकापाशी आले.

"रोज घरी नेऊन नक्कल करता व्हय आमची?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

उत्तराला न थांबता ते मागं जाऊन शेवटच्या बाकावर बसले. शिवरं, टोलनाका, कात्रज, कुठंही त्यांची मान कलली नाही.

डॉक्टरांनी अय्युबचा हात वाकवून बघितला, पाय बघितला. हातात आता फारसा फरक पडणार नाही म्हणाले. बोलणं मात्र पुष्कळ सुधारलंय, असंच बोलतं ठेवा. साबिरानं मान हलवली. परत येताना अय्युब खिडकीबाहेर बघत होता. आपल्या हातून काय झालं ते त्याला उशिरा कळलं होतं.

"माजी चूक," तो एकदाच म्हणाला.

"माजी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत चढली तेव्हा सगळे नीट बसलेले होते. ठकुबाईंनी तिकीट मागताना वयाचा विषय काढला नाही. इंद्रजितनं फोन खिशात ठेवला होता. तिच्याकडं बघून कुणी वाईट बोललं नाही, हसलेसुद्धा, पण फोटो काढायला बसवल्यासारखे. सावळाराम मागच्या बाकावर डोळे ताणून जागे होते. संध्याकाळी परतीच्या गाडीतही तेच. आठवडाभर तेच.

"आज कुणाचा खांदा?" अय्युब विचारायचा.

"कुणाचाच न्हाई."

एका संध्याकाळी तिला राहवलं नाही. तिनं ठकुबाईंच्या पाटीतून कोंबडी सुटून ड्रायव्हरच्या मांडीवर बसल्याची गोष्ट रचली. आवाज काढले, हातवारे केले. अय्युबनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खोटं हाय," तो म्हणाला आणि टीव्ही लावला.

त्या रविवारी दुपारी दारावर थाप पडली. साबिरानं उघडलं तर सावळाराम. इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांची पिशवी. आत अय्युबनं चादर तोंडावर ओढल्याचं तिला न बघताच कळलं.

"झोपलेत का?" सावळारामांनी विचारलं.

ती काही म्हणायच्या आत ते आत आले आणि खाटेजवळच्या खुर्चीत बसले. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मला गाडीत झोप लागंना, अय्युबभाई," ते चादरीकडं बघून म्हणाले. "घरी तर मुळातच लागत न्हाई. मंडळी गेल्यापासनं. गाडीत दोन घटका डोळा लागायचा, त्योबी गेला. मी काय भांडायला आलो न्हाई. मला एवढंच सांगा, मी नेमकं करतो काय?"

चादर हलली नाही.

"घोरतो, हे खरं हाय का? घरी आता सांगायला कोन हाय?"

सावळारामांनी केळ्यांची पिशवी खाटेच्या कडेला ठेवली. मग चादर खाली आली.

"लई," अय्युब म्हणाला.

साबिरा चहा ठेवायला आत गेली. दूध वर आलं, खाली बसलं, तिचं लक्ष नव्हतं. बाहेर अय्युब बोलत होता. शब्द घरंगळत होते, मध्येच अडत होते, पण तो थांबत नव्हता. रुमालानं जागा धरण्यापासून त्यानं सुरुवात केली. कोणत्या दिवशी कुणाचा खांदा, हे त्याच्या तिच्यापेक्षा जास्त लक्षात होतं. सावळाराम मध्येमध्ये दुरुस्त करत होते. "न्हाई, त्या दिवशी मी जागाच होतो." "कलप न्हाई वो, मेंदी हाय." एका ठिकाणी अय्युबनं घोरून दाखवलं. दोन वर्षांत तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता.

ती चहा घेऊन आली तेव्हा सावळाराम हसत नव्हते, पण खुर्चीत रेलून बसले होते.

"आता यांचं ऐका," त्यांनी साबिराकडं बोट केलं. "संध्याकाळी गाडीत खिडकीशी बसत्यात. ओठ सारखे पुटपुटत असत्यात, डोळं मिटल्यालं. आमाला वाटायचं, नवऱ्यासाठी दुवा मागत्यात. म्हणून त्या खिडकीला कुणी बसत न्हाई. वरवं यायच्या आत मी माणसं उठवतो तितनं. नूतननं तर एकाला खाली उतरवायची धमकी दिल्ती."

साबिरानं कप त्यांच्या हातात दिला. ती खिडकी रोज रिकामी कशी मिळते, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"आन् ही," अय्युबला बोलवेना. हसण्यानं त्याचं डावं अंग हलत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. "ही तुमचं घोरनं... पाठ करत हुती."

"ते कळलं आता," सावळाराम म्हणाले.

साबिरानं पदर डोक्यावर ओढला. "माफ करा, भाऊ," ती म्हणाली.

"चहात साखर कमी हाय," ते म्हणाले आणि कप पुढं केला. तिनं साखर घातली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ते उठले. "येतो," म्हणाले. अय्युबनं काठी ओढली. साबिरा पुढं झाली तर त्यानं डाव्या हातानं तिला बाजूला केलं. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा, असं करत तो दारापर्यंत गेला. गल्लीत माणसं होती. समोरच्या किराणाच्या दुकानात दोघंतिघं बोलायचे थांबले आणि बघायला लागले. उंबऱ्यात चौकटीला धरून तो उभा राहिला.

"पुढल्या रविवारी या," तो म्हणाला. आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

सावळाराम हात वर करून कोपऱ्यावरून वळले. अय्युब तरी तिथंच थांबला. दुकानातल्या कुणीतरी विचारलं, "काय अय्युबभाई, बरं हाय का?" त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि उत्तर द्यायला लागला. साबिरा त्याच्या मागं दोन्ही हात पुढं धरून उभी होती, पण तिनं त्याला हात लावला नाही.