हिरव्या बटणावरची टोपी

नव्या टोप्यांचं खोकं आलं. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या.

धाकट्याच्या वकीलबाई बिनसाखरेचा चहाही चमच्याने ढवळत बसतात.

थोरल्याच्या डाव्या हाताला आता दोनच बोटं आहेत.

"एक दिवस तुला याच मशीनमध्ये मळून काढतो." हे धाकटा थोरल्या भावाला बोलला होता, त्या सकाळच्या भांडणात, पाच जणांसमोर, चिडून.

बेकरीत एक नियम होता. कणीक मळायच्या मशीनमध्ये हात घालायचा तर आधी आपली टोपी मशीन सुरू करायच्या हिरव्या बटणावर अडकवायची. टोपी ज्याची, त्यानेच काढायची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही.

त्या सकाळी धाकट्याने मशीनचं पातं खरवडताना आपली टोपी अडकवली आणि तशीच ठेवून पिठाची गोणी आणायला गेला. तेवढ्यात थोरला आला. त्याने भावाची टोपी काढून फळीवर टाकली, आपली अडकवली आणि मशीनच्या पलीकडच्या झडपेतून हात आत घातला. मशीन पुरुषभर उंच, पलीकडे वाकलेला माणूस दिसायचा नाही. धाकटा परतला, टोपी काढून डोक्यावर घातली, बटण दाबलं.

"नियम आधी तुमच्या भावाने मोडला," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला टोपी स्वतःची वाटली. वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक गैरसमज. हाच आपला बचाव."

"पण मी धमकी दिली होती ना?"

"चिडून बोलणं वेगळं, हेतू वेगळा. हेतू नव्हताच तुमचा."

"नव्हता."

"मग प्रश्न उरतो माहितीचा. आत कुणी आहे हे माहीत असून बटण दाबलं, तर हेतू नसला तरी सुटका नाही. माहीत होतं का?"

धाकटा त्यांच्या चमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सगळं एका झटक्यात झालं."

"तेवढंच सांगा. किंवा काहीच सांगू नका, गप्प राहायचा हक्क आहे तुम्हाला."

कोर्टात थोरल्याची साक्ष झाली. "पोरगट आहे, पण मनाने वाईट नाही," तो म्हणाला. "चूक झाली त्याच्याकडून. माझ्याकडूनही." धाकट्याने मान वर केली नाही. भावाने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

व्हरांड्यात वहिनी भेटल्या. हातात थोरल्याच्या औषधांची पिशवी.

"भावोजी, तुम्ही तुरुंगात जावं असं नाही वाटत मला. तुम्ही आलात की घरात हसणं व्हायचं. आता हे तोंडदेखलं हसतात, आणि शर्टाची बटणं मी लावून देते." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एवढंच सांगा. कळलं होतं का तुम्हाला?"

"वहिनी, आत बोलावताहेत."

"जा. मला नका सांगू. पण ह्यांना तरी खोटं सांगू नका. रोज मला विचारतात."

आत सरकारी वकील सरळ मुद्द्यावर आले. "टोपी कुणाची वाटली?"

"माझी."

वकीलबाईंनी समाधानाने पेन खाली ठेवलं.

"शेवटपर्यंत?"

थोरला पहिल्या बाकावर बसला होता, बँडेज मांडीवर. धाकट्याला ती टोपी आठवली, सैल, कानांवर घसरलेली. अंगठा बटणाकडे आधीच निघाला होता, पण अजून पोहोचला नव्हता. थांबवता आला असता. त्याच्या मनात सकाळचं भांडण होतं, आणि अंगठ्याला घाई होती.

"डोक्यावर घालेपर्यंत," तो म्हणाला. "मग कळलं, माझी नाही. बटण त्यानंतर दाबलं."

वकीलबाईंनी डोळे मिटले. थोरल्याने उजव्या हाताने बँडेज झाकलं.

टोप्यांचं खोकं आलं त्या दिवशी थोरल्याने एक एक टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिली होती, आणि जी त्याला घट्ट झाली ती धाकट्यासाठी बाजूला काढली होती.