कागदावर बंद हापशी

मी एक जुनी हापशी आहे. वणीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन मैल आत, एका बंजारा तांड्यात उभी आहे. माझं अर्धं अंग जमिनीखाली असल्यामुळे मला स्वप्नंही तिथलीच पडतात. दोनशे फूट खोल अंधारात पाणी खडकाला टेकून झोपलेलं असतं. किती वर्षं, हे त्यालाही आठवत नाही. झोपेतच ते खडकातलं फ्लोराइड हळूहळू स्वतःत विरघळवून घेतं. त्याला ना रंग, ना वास.

मित्रांनो, मला हे ठाऊक नव्हतं. बाया माझं पाणी गोड म्हणायच्या आणि मी सुखावायचे. एका वर्षी काही माणसं बाटलीत पाणी घेऊन गेली आणि परत येऊन मला लाल रंग फासून गेली. लाल म्हणजे पिऊ नका, हे मात्र कोणी सांगितलं नाही. होळी जवळ आली होती. तांड्याला वाटलं, सरकारनं सणासाठी हापशी रंगवली. कागदावर मी बंद झाले आणि रोज पाणी देत राहिले.

दहा वर्षांच्या जयाच्या दातांवर तपकिरी डाग होते. पोरगी चोरून तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते, असं तांड्यानं ठरवून टाकलं. तिची आई हंसाबाई रोज संध्याकाळी तिच्या तोंडाचा वास घ्यायची. तंबाखूचा वास कधीच आला नाही, तरी संशय गेला नाही. जया आधी ओठ मिटून हसायची, मग हसेनाशीच झाली.

एका दुपारी खासदार सत्यशीलाताई तांड्यात आल्या. माझ्यापाशी उभ्या जयाला पाहून त्यांनीही तेच विचारलं, "काहून वं बाई, एवढ्याशा वयात खर्रा खातं तू?"

"खर्रा नाही खात मी. हापशीचं पाणी पेतो," जया म्हणाली. "पायजे तं तोंडाचा वास घ्या. आई रोज घेते."

ताईंनी माझा लाल रंग नखानं खरवडून पाहिला आणि तो कोणी, कधी लावला, हे विचारत बराच वेळ बसल्या.

महिन्याभरानं जयाचा बाप लखीराम यानं माझ्या ओट्यावर मोबाईल उभा केला. लोकसभेत ताई बोलत होत्या, "अध्यक्ष महोदय, माझ्या जिल्ह्यातली एक हापशी कागदावर बंद आहे आणि मुलं तिचंच पाणी पितात. एका मुलीला मी खर्रा खातेस का म्हणून विचारलं. आधी तिची माफी मागते, मग सरकारला प्रश्न विचारते."

हंसाबाईनं भरलेली कळशी खाली ठेवली.

"त्या बाईनं दिल्लीतून माफी मागली," ती लेकीला म्हणाली. "मी तं इथंच होतो."

आता तांड्यात शुद्ध पाण्याचा नळ आला आहे. जयाचे डाग जाणार नाहीत, कारण दात घडतानाच माझ्या पाण्यातल्या फ्लोराइडनं ते आत उमटवले. पण ती पुन्हा तोंडभर हसते. नळाला मात्र दिवसाआड पाणी येतं आणि कोरड्या दिवशी हात सवयीनं माझ्याकडे वळतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला विसरू नका. मी म्हणते, माझा दांडा काढून न्या. जयाची धाकटी बहीण दोन वर्षांची आहे. तिचे पक्के दात हिरडीच्या आत आत्ता कुठे घडताहेत. तिला तहान लागायच्या आत या.