चार दाणे

मार्गशीर्षातली पहाट. कृष्णेच्या संथ, श्यामल जळावर शुभ्र धुकं ओथंबलेलं. औदुंबराच्या पानापानांतून दंव ठिबकतंय. काकडआरतीचे अखेरचे सूर घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात विरताहेत. आणि अशा मंगल घटकेला, काय म्हणावं, कुमुदिनीबाई चोरासारख्या निघाल्या होत्या.

दरवर्षी दत्तजयंतीला त्या पतीसह इथं येत, उपाध्यांच्या घरी उतरत. निघताना उपाध्यांची वृद्ध पत्नी अंबूकाकू त्यांना पाटावर बसवून ओटी भरत. हिरवा खण, अखंड तांदूळ, नारळ. सौभाग्याचं ते दान, सौभाग्यवतीलाच.

यंदा पती नव्हते. कपाळ रिकामं, मनगटं रिकामी. दर्शन झालं, प्रसाद झाला. पण निरोपाची ती घटका? काकूंचे हात अडखळले तर? ते बघणं नको गं बाई, म्हणून त्या न सांगताच निघाल्या.

मुलगा म्हणालाच होता, "आई, पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊ. मोठं देवस्थान, लिफ्ट, चकचकीत खोल्या. तिथं आता तुझं काय उरलंय?" बाईंनाही ते पटलं होतं. हे शेवटचं, असं पादुकांवर डोकं टेकून त्यांनी सांगितलंही होतं.

नावेत एक पाय पडला, तोच धुकं चिरत हाक आली.

"कुमुद! थांब म्हणते ना!"

काकू आल्या. अनवाणी, धापा टाकत, हातांत सूप. सुपात खण, नारळ, तांदूळ.

"माहेराहून असं तोंड लपवून जातात होय गं?"

"काकू, माझी ओटी... आता कशी?"

"ती सवाष्णीची होती. ही लेकीची. लेकीला कपाळ बघून घरात घेतात का? पसर पदर!"

बाईंनी पदर पसरला. ओंजळीमागून ओंजळ तांदूळ पडत गेले, शुभ्र, शीतल, सावकाश. आणि वर्षभर गोठलेलं रडू त्या तांदळांवर टपटप गळलं. नावाडी बिचारा पाण्याकडे बघत उभा राहिला.

माहेरची ओटी घेतली की त्यातले चार दाणे माहेरीच ठेवायचे, ही जुनी रीत. लेक परत येणार, त्याची ती खूण. बाईंचा हात क्षणभर थबकला. मग आपोआप पदरात गेला, आपोआप सुपावर आला.

"येते हं, काकू. पुढच्या जयंतीला."

नाव निघाली. घाट धुक्यात गेला, कळस धुक्यात गेला, हाकही धुक्यात गेली. पायरीवर काकू उभ्या होत्या, आणि रित्या सुपात चार दाणे होते.