बंद न पडलेल्या गाडीची बदनामी

बंद न पडणारी गाडी वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. ज्याची गाडी बंद पडते तो निदान रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसून दोन घटका विडी तरी ओढतो. मला अकरा वर्षांत तेवढंही बसायला मिळालं नाही.

मी नानासाहेब. पिंपळवंडीच्या शिवारात, गावापासून लांब, उसात बुडालेली आमची वस्ती. जन्मभर यष्टी हाकली. रिटायर झाल्यावर शहाणा माणूस खाट घेतो, मी गाडी घेतली. एक्याण्णव साली. पांढरी, डिझेलची, नाशिककडं टॅक्सीत फिरून फिरून रंग उडालेली. किलोमीटरच्या खिडकीत सगळे नऊ होऊन आकडा एकदा शून्यावर आलाय, असं विकणाऱ्यानं आपणहून सांगितलं. म्हणजे दोनदा तरी आला असणार. माझ्या हाताखाली तो पुन्हा आला. मी घरात जाऊन मोठ्या कौतुकानं म्हटलं, गाडी आज नव्यानं जन्माला आली. आमची साळुबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तिचं वय शून्य झालं. तुमच्या गुडघ्यांचं कधी व्हायचं?"

त्या गाडीनं काय काय केलं ते सगळं सांगितलं तर तुम्ही उठून जाल, म्हणून थोडंच सांगतो. कुकडी नदीला पाणी आलेलं असताना फरशीपुलावरून घातली, तर पलीकडं गेल्यावर मागच्या सीटखाली मासे सापडले. साळुबाईनं कालवण केलं. एकदा डिझेल संपलं तर नुसत्या वासावर आळेफाट्यापर्यंत आली. एकदा उसातून बिबट्या आडवा आला. मी हॉर्न दिला, तो बाजूला झाला, आणि पुढं हॉर्न ओळखून आपणच बांधावर चढून उभा राहायला लागला. यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं ते आता मलाही आठवत नाही. पण गाडी कधी बंद पडली नाही, हे मात्र कुठंही हात ठेवून सांगेन.

आणि तेच माझ्या मुळावर आलं. वस्तीवर कुणाला कळा आल्या, कुणाला सापाचं पान लागलं, कुणाची म्हातारी जिन्यावरून घसरली, की माणूस माझ्या दारात. भाड्याची जीप फाट्यावर मिळायची, पण ती येईल की नाही कुणी सांगावं? नानाची गाडी म्हणजे किल्ली फिरवली की घुर्रर्र. कुणी डिझेल टाकायचं, कुणी आशीर्वाद. मी पायजमा घालायचा सोडला. पँट घालूनच आडवा व्हायचो. गरम भाकरीचा तर मला विसर पडला. ताटावर बसलो की हाक यायची, आणि परत यावं तर कालवणावर साय धरलेली.

मी सुटायचे प्रयत्न केले. ब्रेक गेलेत म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "सावकाश चला की मंग." बॅटरी बसली म्हणालो, तर म्हणाले, "ढकलतो की आमी." आणि ढकलायला हात लावायच्या आत ती फितूर गाडी चालू. शेवटी वस्तीवरच कुणालातरी विकावी म्हटलं. प्रत्येकानं प्रेमानं खांद्यावर हात ठेवला. असू द्या नाना, तुमच्याच दारात शोभतीय. घरची म्हैस फुकट दूध देत असताना बाजारात कोण जाणार?

मग मी मंचरला गेलो. तिथं चंपालालशेठ, कापडाचं दुकान, शिवाय कांद्याच्या आडतीत भागीदारी. त्यांच्या घरच्या, उगमबाई, यांना दर महिन्याला पुण्याला डॉक्टरकडं न्यावं लागायचं. मुलगा हितेश नव्या गाडीच्या मागं लागला होता. शेठचं म्हणणं वेगळं होतं. नवी गाडी कशी निघेल कुणी पाहिलंय? जुनीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मी म्हटलं, शेठ, तुमच्यासारखा माणूस मी आयुष्यभर शोधतोय.

दोन दिवसांनी भर दुपारी बापलेक वस्तीवर आले. मी गाडी धुऊन ठेवली होती. आता वस्तीवर बातमी सांगावी लागत नाही, ती वासावर कळते. शेजारची द्रौपदा विरजण मागायला म्हणून आली आणि वाटी घेऊन तिथंच बसली. गेणभाऊ पलीकडच्या मळ्यातून पाण्याची पाळी सोडून आला. पाठोपाठ आमचे बुद्धभूषण गुरुजी आले. शाळेत शिकवतात, आणि रविवारी विहारात वंदना तेच घेतात.

हितेशनं बॉनेट उघडलं आणि सहज विचारलं, गाडीचा अनुभव कसा आहे?

मी तोंड उघडायच्या आत द्रौपदानं पदर सावरला. "अनुभव इचारू नका पावणं," ती म्हणाली. "सुनंला घिऊन मंचरला निघालो. कळंबच्या अल्याड जी बसली, ती बसलीच. पोरगी उसाच्या बांधावर बाळंत झाली बघा."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिलो. तिच्या सुनेला मी इतक्या वेळेवर पोचवलं होतं, की द्रौपदानं दवाखान्यासमोर बसून चहा पिऊन, वर मला साखर कमी असल्याची तक्रार सांगितली होती.

मग गेणभाऊ. त्यानं म्हणे डोळ्यांनी पाहिलं, चालत्या गाडीचं चाक निघालं आणि गाडीच्या पुढं पळालं. ब्रेक लावला तर हॉर्न वाजतो आणि हॉर्न दाबला तर दार उघडतं. तो बोलत होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता. माणूस जन्मभर टमाट्यात राबला, आणि पोटात एवढं घेऊन बसला होता.

राहिले गुरुजी. मला वाटलं, हा माणूस तरी खरं बोलेल. दर रविवारी आम्हाला खोटं बोलू नका म्हणून शील देतो. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, गाडीकडं एकदा पाहिलं. "मी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "म्हणून गाडीबद्दल मी काही बोलतच नाही." आणि असा चेहरा केला, जणू गाडीचं प्रेत अंगणात ठेवलंय.

मी शेठना म्हटलं, ही सगळी खोटं बोलतायत, गाडी अकरा वर्षांत एकदासुद्धा बंद पडली नाही. हितेश हसला. त्याला मंचरमध्येच कुणीतरी सांगितलं होतं, की नानासाहेबांच्या बोलण्यातलं दहातलं नऊ सोडून द्यायचं असतं. जन्मात एकदा निव्वळ खरं बोललो, तर ते नवात गेलं.

हितेशनं बॉनेट लावलं. वाटलं, आता ही गाडी आणि मी, दोघं बरोबरच मोडीत जाणार.

चंपालालशेठ मात्र निघेनात. त्यांनी इंजिन पाहिलंच नव्हतं. ते इतका वेळ माणसं पाहत होते. चहाची बशी खाली ठेवून ते मुलाला म्हणाले, "हितेश, लिलावात नासक्या कांद्यापाशी व्यापारी थांबतो का?"

हितेश म्हणाला, नाही, पुढं जातो.

"मग नावं कुठल्या ढिगाला ठेवतो?"

शेठ माझ्याकडं वळले. "नानासाहेब, इतकी नावं ठेवलेला माल मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. आम्ही गाडी घेतली."

गेणभाऊचा आवाज एकदम उतरला. "नका घिऊ वो शेठ," तो म्हणाला. त्यानं जे उरलंसुरलं होतं तेही सांगून टाकलं.

द्रौपदा वाटी खाली ठेवून माझ्यासमोर आली. "नाना, आडवेळी आमी कुणाच्या दारात जायाचं?"

याचं उत्तर मला कितीतरी दिवस पाठ होतं. रागानं द्यायचं ठरवलं होतं. पण तेवढं बळ उरलं नव्हतं. "द्रौपदे," मी म्हटलं, "मी लई दमलोय. एकदा ताटावर बसलो का हात धुईपर्यंत मला कुणी उठवू नका. येवढंच."

साळुबाईनं द्रौपदाची वाटी उचलली आणि विरजण घालून दिलं. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली आणि उसाआड गेली.

त्या दुपारी मी गरम भाकरी खाल्ली. सवय नव्हती, जीभ पोळली. पायजमा घालून झोपलो तो दिवे लागल्यावर उठलो. मला वाईट वाटायला हवं होतं. वाट पाहिली, वाटलं नाही.

वस्ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग गुरुजींनी फाट्यावरच्या एका जीपवाल्याला पक्कं बांधून घेतलं आणि द्रौपदाची धाकटी सूनही दवाखान्यात नीट बाळंत झाली. जीपवाला म्हणे तोंडानं एक शब्द बोलत नाही. दवाखाना कधी येतो कळत नाही, इतकं सुख. हे मला तिनं मुद्दाम येऊन सांगितलं. माझ्यावाचून भागतंय याचा मला आनंद झाला. व्हायचा तेवढाच झाला.

फक्त ते खोटं तेवढं मागं राहिलं. गाडी नेणाऱ्याला घाबरवायला सांगितलेलं, गाडी गेल्यावर लोकांना सोयीचं पडलं. बरं झालं गेली, नायतर कधीतरी जीव घेतला असता. चार-सहा महिन्यांत ते स्वतःच खरं मानायला लागले. द्रौपदाचा थोरला नातू आपण बांधावर जन्मलो म्हणून शाळेत सांगतो, आणि त्याला शिकवणारे गुरुजी अजूनही काही बोलत नाहीत.

परवा गुडघे दाखवायला मंचरला निघालो. त्याच जीपमध्ये, मागच्या बाकावर, कोंबलेला. समोर गेणभाऊ. कळंब जवळ आलं तशी मागून एक पांढरी गाडी आली, हॉर्न दिला आणि आम्हाला मागं टाकून सुळकन पुढं गेली. काचेतून उगमबाई दिसल्या, डोकं टेकून झोपलेल्या. आवाज तोच. गुडघा दुखायचा क्षणभर राहिला.

शेजारचा परका माणूस म्हणाला, जुनी दिसतीय, पण पळतीय काय.

"ती व्हय?" गेणभाऊ म्हणाला. "आमच्या नानाचीच व्हती. दर मैलाला बंद पडायची. हितंच एकदा चाक निघालं, पुढं पळालं अन् खड्ड्यात पडलं."

झालं, एवढंच. खड्ड्यात पडलं. ना त्याला आगा, ना पिछा.

परका माझ्याकडं वळला. "खरं का वो बाबा?"

गाडी अजून दिसत होती, लांब, नखाएवढी. अकरा वर्षं, एकदाही नाही, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. पण सगळी जीप माझ्याकडं कान करून बसली होती. मी पाय जरा लांब केला.

"खड्ड्यात न्हाई," मी म्हटलं. "ह्याला काय म्हाईत, हा तवा झोपला व्हता. चाक सुटलं ते नीट कळंबात शिरलं. तिथं एक लगीन चाललं व्हतं. पंगत बसलेली. चाक आलं, दोन माणसांच्या मधी जागा बघितली, आन् बसलं..."